निकोटिन गम : औषध चांगले, विकण्याची रीत वाईट

सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असलेला २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम नागपुरात धरमपेठ, सदर, सीताबर्डी, महाल अशा बहुतेक भागांतील औषधाच्या दुकानांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. मी तो ठरलेल्या क्रमाने शेवटपर्यंत वापरला, त्याच्या जोडीला, तंबाखू सोडण्यासाठी फोनवरून सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनची मदत घेतली, आणि आता माझी सिगारेट बंद आहे. हा अभिप्राय त्या गमविषयी आणि ओघाने त्या फोनसेवेविषयी आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण बाजारातील वेगवेगळ्या कंपन्यांच्या २ मिलिग्रॅमच्या गममध्ये औषध तेच आणि तेवढेच असते. फरक असतो तो चवीचा, वेष्टनाचा आणि जाहिरातीचा. माझे मत आधीच सांगून टाकतो : हे उपयोगी औषध आहे, परंतु ते ज्या पद्धतीने विकले जाते त्या पद्धतीने खाल्ले, तर त्याचे पैसे जवळजवळ वाया जातात.

माझी सवय कोणत्या प्रकारची होती हे सांगितल्याशिवाय या अभिप्रायाला फारसा अर्थ राहणार नाही. मी सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात नोकरी करतो. उठल्याबरोबर सिगारेट ओढण्याची सवय मला नव्हती. पहिली सिगारेट कार्यालयात पोहोचल्यावर, चहासोबत होत असे आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत मात्र खंड पडत नसे. गमचे प्रमाण ठरवताना नेमकी हीच गोष्ट विचारली जाते. झोपेतून उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याचे निकोटिनवरचे अवलंबन अधिक समजले जाते आणि त्याला ४ मिलिग्रॅमचा गम सुचवला जातो; ज्याची पहिली सिगारेट त्यानंतर होते त्याला २ मिलिग्रॅमचा पुरतो. दिवसाला एकूण किती ओढता यापेक्षा सकाळची पहिली कधी ओढता हा प्रश्न अधिक उपयोगाचा मानला जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ४ मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, त्यामुळे उठल्या उठल्या सिगारेट शोधणाऱ्यांनी दुकानाच्या आधी डॉक्टरांकडे जाणे बरे. अशांनी बिनचिठ्ठीचा म्हणून २ मिलिग्रॅमचा गम घेतला की तो अपुरा पडतो आणि मग ‘हे सगळे थोतांड आहे’ असा निष्कर्ष चहाच्या ठेल्यावर जाहीर होतो.

खरेदीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. घराजवळच्या एका औषध दुकानात मी गम मागितला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने पट्टीचा अर्धा भाग कात्रीने कापून माझ्या हातात ठेवला. कसा घ्यायचा असे विचारल्यावर तो म्हणाला, “काही नाही काका, तलफ आली की तोंडात टाकायचा आन् चावत राहायचं, चॉकलेटवानी.” दिवसाला किती, किती दिवस, आधी काही खाल्ले तर चालते का, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. कापलेल्या पट्टीसोबत माहितीपत्रक येत नाही, ते खोक्यात राहते, आणि खोका दुकानात राहतो. मी खोका मागून घेतला, तेव्हा आतील पत्रक केवळ इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरात निघाले की चष्मा लावूनही ते खिडकीजवळ नेऊन वाचावे लागले. या औषधाचा सगळा गुण ते चावण्याच्या रीतीत आहे आणि तीच रीत ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. पाकिटाच्या मागे मराठीत आणि हिंदीत चार ओळी छापायला कोणाची हरकत असावी, हे मला समजलेले नाही.

चवींच्या बाबतीत मात्र कंपन्यांनी बराच विचार केलेला दिसतो. पुदिना, दालचिनी आणि पान अशा चवी सहज मिळतात. पुदिन्याची चव मला सर्वांत सोयीची वाटली, कारण ती तोंडात रेंगाळते आणि त्यानंतर काही ओढावेसे वाटणे थोडे कमी होते. पानाच्या चवीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. जो माणूस पानठेल्यापासून दूर राहण्याची धडपड करतो आहे, त्याच्या तोंडात दिवसभर पानठेल्याचीच आठवण घोळत ठेवण्यामागचा हेतू विक्रीचा असू शकेल, उपचाराचा वाटत नाही. ज्यांना पानाची आवड आहे अशा माझ्या काही परिचितांना हीच चव सर्वांत जास्त भावली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

आता गम नेमका काय करतो ते. या औषधाची कल्पना स्वीडनमधली आहे. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून तेथील खलाशी तोंडात तंबाखू धरून भागवतात, हे पाहून १९६७ साली तेथील संशोधकांनी औषध कंपनीला असे सुचवले की धूर आणि तंबाखू दोन्ही वगळून नुसते निकोटिन तोंडातून देता येईल. ऊवे फेर्ने या रसायनशास्त्रज्ञाने पुढे त्यावर काम केले आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये या गमला औषध म्हणून पहिली परवानगी मिळाली. विचार सरळ आहे. सिगारेट ओढणारा निकोटिनसाठी ओढतो आणि आजारी पडतो तो मुख्यतः धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर विषारी पदार्थांमुळे; तेव्हा काही आठवडे निकोटिन स्वच्छ वाटेने आणि उतरत्या प्रमाणात दिले, तर शरीराचा त्रास आणि सवयीचा त्रास एकाच वेळी अंगावर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. त्यामुळे हा जाहिरातीतला एखादा चमत्कारी चूर्णाचा डबा नव्हे, एवढी खात्री घेणाऱ्याने बाळगायला हरकत नाही.

ही खात्री किती बाळगावी, यालाही मर्यादा आहे. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात गम, त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी, चघळण्याच्या गोळ्या अशा निकोटिन पर्यायांमुळे सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असे आढळले. हे वाक्य दुकानात ‘पन्नास-साठ टक्के लोकांची सुटते’ असे सांगितले जाते, आणि ते साफ चूक आहे. शंभरातील दहा जणांची एरवी सुटली असती, तर गम घेतल्याने पंधरा-सोळा जणांची सुटेल, असा त्याचा अर्थ आहे. मला स्वतःला ही वाढ लहान वाटत नाही; परंतु ज्याला साठ टक्क्यांची हमी मिळाली आहे तो पहिल्या घसरणीलाच गम फेकून देतो.

चावण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण तीच कोणी सांगत नाही. गम तोंडात टाकला की वरचे कडक आवरण दातांखाली करकरते. त्यानंतर तो सावकाश, थांबून थांबून चावायचा. थोड्याच वेळात जिभेवर मिऱ्यासारखी तिखट चरचर उठते. ती उठली की चावणे बंद करायचे आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. तेथे एक-दोन मिनिटांत चरचर विरते, मग पुन्हा दोन-चार वेळा चावायचा आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचा. असे सुमारे अर्धा तास चालते. नंतर चावले तरी चरचर येत नाही, म्हणजे औषध संपले. निकोटिन गालाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्तात जाते, गिळल्याने जात नाही. गिळलेले निकोटिन पोटात जळजळ करते, उचकी लावते आणि त्यातले बरेचसे यकृतात निकामी होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने माझ्या आधी हाच गम सुरू केला होता आणि तो भराभरा चावून लाळ गिळत असे. दुपारच्या बैठकीत त्याला अशी उचकी लागली की साहेबांनी पाण्याचा पेला स्वतः उचलून पुढे केला. चौथ्या दिवशी त्याने गम सोडला आणि संध्याकाळी तो पुन्हा फाटकाबाहेर उभा दिसला. औषधाने त्याला दगा दिला असे तो आजही म्हणतो.

नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट आंबट पदार्थांची आहे. गममध्ये मुद्दाम अल्कलीयुक्त क्षार घातलेले असतात, कारण तोंडातील रस किंचित अल्कलीधर्मी असेल तरच निकोटिन त्वचेतून नीट शोषले जाते. कॉफी, कोला, फळांचा रस असे काही आम्लधर्मी तोंडात असेल तर शोषण बरेच घटते; म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काहीही घेऊ नये, असे पत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. आता आपल्या शहरातला दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी तर्री पोहे, त्यावर पिळलेले लिंबू. अकरा वाजता चहा. आंबिया बहार आला की टेबलावर कोणाच्या तरी शेतातली संत्री आणि ती सोलत बसलेली मंडळी. उन्हाळ्यात चौकाचौकात लिंबूपाणी आणि उसाचा रस. या सगळ्यांत मोकळी पंधरा मिनिटे शोधून काढणे हे खरे काम आहे. मी उपाय केला तो असा : गमच्या वेळा घड्याळाप्रमाणे ठरवल्या आणि खाणे त्यांच्या आसपास बसवले. संत्री जेवणानंतर लगेच खायची आणि गम त्यानंतर पुरेसे अंतर ठेवून घ्यायचा. चहा आधी, मग चूळ, मग थांबणे, मग गम. ऐकायला कटकटीचे वाटते. आठवडाभरात अंगवळणी पडते. तलफ आली की तोंडात टाकायचा, हा दुकानदाराचा सल्ला या कारणानेही निरुपयोगी आहे, कारण तलफ नेमकी चहासोबत येते.

तलफेची वाट पाहू नये याला आणखी एक कारण आहे. सिगारेटच्या झुरक्यातले निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद पुरतात. गममधले निकोटिन रक्तात पुरेसे चढायला वीस-तीस मिनिटे लागतात. तलफेची तीव्र लाट मात्र काही मिनिटांतच येते आणि ओसरते. म्हणजे लाट आल्यावर घेतलेला गम ती ओसरल्यावर काम करू लागतो. म्हणूनच पत्रकात पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी एक आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दर चार ते आठ तासांनी एक, असा क्रम दिलेला असतो. या क्रमाने घेतल्यास तळाशी थोडे निकोटिन कायम राहते आणि लाटांची उंची कमी होते. मला पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, झोप उथळ झाली, परंतु पूर्वी नुसत्या निश्चयाच्या बळावर सोडताना डोके जसे भणभणत असे तसे या वेळी झाले नाही. पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेक लोक फार कमी गम घेतात आणि मग तो लागू पडत नाही असे म्हणतात, हे मी आजूबाजूला वारंवार पाहिले.

जबडा दुखणे ही माझी स्वतःची एकमेव शारीरिक तक्रार होती. संध्याकाळी कानाजवळचा सांधा ठणकत असे आणि पोळी चावताना जाणवत असे; चावण्याचा वेग कमी केल्यावर तो त्रास बराच उतरला. कवळी किंवा दातांवर टोप्या असलेल्यांना गम चिकटतो, त्यांच्यासाठी चघळण्याच्या गोळ्या किंवा त्वचेवर लावायची पट्टी अधिक सोयीची. उन्हाळ्याचीही एक अडचण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुचाकीच्या डिकीत ठेवलेली गमची पट्टी मऊ पडते, गम चांदीच्या कागदाला चिकटून बसतो आणि सोलून काढताना त्याचे आवरण कागदावरच राहते. पट्टी खिशात किंवा टेबलाच्या खणात ठेवावी, गाडीत ठेवू नये.

गम जे करू शकत नाही त्याबद्दल जाहिराती गप्प असतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी व कार्यालयांत धूम्रपानाला बंदी आहे आणि ती उत्तम गोष्ट आहे. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की सिगारेट ओढणे म्हणजे खुर्चीवरून उठणे, जिना उतरणे, फाटकाबाहेरच्या ठेल्यापर्यंत चालत जाणे आणि तेथे चार माणसांत उभे राहून साहेबांविषयी बोलणे असे झाले. आमच्या कार्यालयातील बदल्यांची बातमी परिपत्रकाच्या आधी ठेल्यावर येते. गम खुर्चीत बसून चावता येतो, त्यामुळे निकोटिन मिळते आणि हे बाकीचे सगळे हातून जाते. मला सर्वाधिक जड गेले ते हेच. दुपारी ठरलेल्या वेळी माणसे उठून गेली की मजला रिकामा होई आणि गम तोंडात असूनही पाय शिवशिवत. शेवटी मी उठायची वेळ कायम ठेवली आणि जागा बदलली : त्याच वेळी खाली उतरून आवारातल्या कडुलिंबाखाली फेरी मारू लागलो, आणि ज्यांना माझ्याशी बोलायचे होते ते दोघे-तिघे आपोआप तिकडे येऊ लागले. बाकीच्यांशी संबंध कमी झाले. ही किंमत कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते.

चहाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक वेगाने काम करते आणि त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन लवकर बाहेर पडते. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांत खाली येतो आणि पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेतली तरी कॅफीन रक्तात अधिक वेळ आणि अधिक प्रमाणात राहते. धडधड, हात थरथरणे, रात्री डोळा न लागणे ही लक्षणे आपण सिगारेट सुटल्याची समजतो आणि त्यातली काही चहाची असतात. हा परिणाम धुरामुळे होतो, निकोटिनमुळे नव्हे, म्हणून गम चालू असला तरी तो होतोच. मी चहा निम्म्यावर आणला आणि झोप सुधारली. गमच्या पत्रकात हा मुद्दा मला कोठेही दिसला नाही. तो मला कळला तो क्विटलाइनवर.

त्या सेवेबद्दल मी मोकळेपणाने चांगले बोलू शकतो. १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक १ सप्टेंबर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवरच छापलेला असतो. म्हणजे इतकी वर्षे तो माझ्या खिशात होता. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ३० मे २०१६ रोजी ही सेवा सुरू झाली आणि पुढे मुंबईचे टाटा मेमोरियल, बंगळूरूची निम्हान्स व गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था येथे तिची केंद्रे झाली. मला वाटले होते की तेथे कर्करोगाची भीती घालणारे ध्वनिमुद्रित भाषण ऐकू येईल. प्रत्यक्षात एका समुपदेशक बाईंनी शांतपणे प्रश्न विचारले : पहिली सिगारेट कधी, सर्वांत नको असलेली कोणती, सर्वांत हवी असलेली कोणती, घरात आणखी कोणी ओढते का, यापूर्वी सोडली तेव्हा पुन्हा कोणत्या प्रसंगी सुरू झाली. त्यानंतर त्या म्हणाल्या, “सर, तारीख आत्ता फोनवरच ठरवूया. पुढच्या आठवड्यातली सांगा, पुढच्या महिन्यातली नको.” लग्नसराई टाळून आम्ही तारीख ठरवली. तलफ आली की काही मिनिटे थांबणे, पाणी घोटघोट पिणे, दीर्घ श्वास घेणे, हाताला दुसरे काम देणे, हा सल्ला कोणीही देईल. पण ठरलेल्या तारखेनंतर त्यांच्याकडून फोन येतो आणि तेव्हा खरे उत्तर द्यावे लागते, हा भाग कोणी दुसरा करत नाही. घरच्यांना खोटे सांगणे सोपे असते, कारण त्यांना वाईट वाटू नये अशी सबब असते. येथे ती सबब नसते.

सेवेची मर्यादा वेळेची आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते आणि सोमवारी बंद असते. रात्रीच्या जेवणानंतर फुटाळा तलावावर किंवा घराच्या गच्चीत जी सिगारेट आठवते तिच्या वेळी फोन उचलणारे कोणी नसते. त्या वेळेसाठी मी शेवटचा गम राखून ठेवत असे, आणि गम व फोन एकमेकांची उणीव भरून काढतात असे माझे मत बनले ते त्यामुळेच. ज्यांना प्रत्यक्ष भेटून बोलायचे आहे त्यांनी दंत महाविद्यालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत चौकशी करावी. तेथे फुंकर मारून श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र असेल, तर सिगारेट थांबवल्यानंतर दिवसभरात तो आकडा कसा उतरतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

विदर्भात या विषयावर लिहिताना खर्रा टाळून पुढे जाता येत नाही. राज्यात सिगारेट-बिडी ओढणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचे २४.४ टक्के. आपल्याकडे सिगारेट सोडणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो “भाऊ, त्यापेक्षा खर्रा घोटून घे, धूर तरी नाही” असा. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घासून दिलेली ती पुडी आणि औषधाचा गम या दोन्ही गालातच ठेवायच्या असल्या, तरी त्यांना एका पंक्तीत बसवणे धोक्याचे आहे. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्ही गोष्टी माणसात कर्करोग निर्माण करतात हे निश्चित झालेले आहे. गममध्ये तंबाखूही नाही आणि सुपारीही नाही. खर्रा सोडण्यासाठी हाच गम चालेल का असे मला अनेकांनी विचारले. काही डॉक्टर तो देतात, परंतु सिगारेटच्या बाबतीत जेवढा भक्कम पुरावा आहे तेवढा तेथे नाही, आणि तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा आत पांढरे चट्टे असतील तर गम घेण्यापूर्वी दंतवैद्याला तोंड दाखवणे आवश्यक आहे.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. सिगारेट आणि गम यांची तुलना नगामागे केली तर गम महाग पडत नाही. मात्र सुट्या सिगारेटच्या विक्रीला राज्यात २०२० पासून बंदी असूनही ठेल्यावर एक सिगारेट सहज सुटी मिळते आणि माणूस दिवसभराचा खर्च कधीच एकत्र पाहत नाही. गमचा खोका घेताना तो एकदम दिसतो आणि अंगावर येतो. मी पूर्ण खोकाच घ्यावा असे सुचवीन : पत्रक मिळते, मुदत संपण्याची तारीख दिसते, आणि रविवारी दुकान बंद असताना गम संपला अशी वेळ येत नाही. केवळ गमने भागत नसेल तर दिवसभर मंद प्रमाण देणारी त्वचेवरची पट्टी आणि वर लागेल तसा गम, असे जोडीने घेतल्यास एकट्या औषधापेक्षा अधिक यश येते. मात्र ते डॉक्टरांना विचारून करावे.

गम कमी करण्याचा टप्पाही दुर्लक्षित राहतो. नवव्या आठवड्यानंतर मला गमची आवश्यकता कमी आणि आवड जास्त उरली होती. तेव्हा मी त्याच्या जागी एक-एक करून साधा, साखरविरहित च्युइंगम घेऊ लागलो आणि जबड्यालाही फरक कळला नाही. वजन थोडे वाढले, हे लपवण्यात अर्थ नाही. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांचे वाढते आणि तोंडाची चव परतल्यावर सावजीचा रस्सा पूर्वीपेक्षा अधिक खाल्ला जातो, याला गम जबाबदार नाही.

ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा बाळाला अंगावर पाजत आहेत, त्यांनी बिनचिठ्ठीचे औषध म्हणून हा गम परस्पर सुरू करू नये. मधुमेहाची किंवा मनोविकाराची औषधे चालू असतील तर सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण धूर थांबल्यावर काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते. घरात लहान मूल असेल तर गमची पट्टी गोळ्या-चॉकलेटच्या डब्याजवळ ठेवू नये, आणि चावून झालेल्या गममध्येही थोडे निकोटिन उरलेले असते, म्हणून तो कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाकावा.